तेराशे ओहमची आंघोळ

खारूताईला आंघोळ घालायचा हक्क अप्पांना कुणी दिलेला नव्हता. तो त्यांनी स्वतःहून घेतला होता. बाळ दोन महिन्यांचं झालं आणि एका सकाळी ते बाथरूमच्या दारात येऊन उभे राहिले. दोन्ही हात पुढे, तळवे वर, शाळेत नखं तपासायला पोरं उभी राहतात तसे.

"बघ," ते सुनेला म्हणाले. "वासपण घे. राहिलंय का काही?"

हातांना साबणाशिवाय कसलाच वास नव्हता. नखांच्या कडेची काळी रेघ, जी त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसते, तीही त्यांनी ब्रशने घासघासून फिकी केली होती.

"हिच्या बापाला मी एकदाही आंघोळ घातलेली नाही," अप्पा म्हणाले. "तुझी सासू जवळ फिरकू द्यायची नाही. म्हणायची, ग्रीसचे हात लांब ठेवा, पोर आहे, बेअरिंग नाही. मी आपला इथूनच बघायचो, दारातून. आता ती नाही रागवायला. दे इकडे."

सुनेने बाळ दिलं. त्या दिवसापासून पाच महिने झाले, रोज सकाळी सातला निळा टब, लाकडी स्टूल, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि अप्पांची अखंड बडबड. "आता पुढची चाकं. आता मागची. अगं, पाय सोड की, जाम झालेत का तुझे नट? हां, आता बोनेट पुसू या." खारूताई म्हणजे अर्थातच नात. हाताला लागेल ती वस्तू दोन्ही मुठींत धरून तोंडाकडे न्यायची, म्हणून हे नाव पडलं, आणि खरं नाव दाखल्यापुरतं उरलं.

त्या वीस मिनिटांत सूनबाई स्वयंपाकघरात बसून चहा प्यायची. गरम चहा, बसून, दोन्ही हात मोकळे. घरात तान्हं मूल असणाऱ्या कुणालाही विचारा, वीस मिनिटं म्हणजे काय असतं ते. आतून पाण्याचा आवाज, नातीचं खिदळणं, सासऱ्यांचा गॅरेजछाप लाड. दिवसातलं हे सुख कुणी मागितलं असतं तर तिने भांडून ठेवून घेतलं असतं.

घर गॅरेजच्या मागे होतं, म्हणजे गॅरेजमधून दोन पायऱ्या चढलं की घर. पुढे दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर पाने आणि पक्कड, कोपऱ्यात वायरींची वेटोळी. अप्पा गाड्यांच्या वायरिंगचे कारागीर. सूनबाईने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेला, शिकायला म्हणून या गॅरेजात आलेली आणि गॅरेजवाल्याच्या मुलाशी लग्न करून बसलेली. मुलगा स्वतः मात्र स्पॅनर कुठल्या बाजूने धरतात ते विचारणारा. तो रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होता. अप्पा गॅरेजात सुनेला "डिप्लोमा" म्हणून हाक मारायचे. "ए डिप्लोमा, जरा दिवा धर." घरात आले की "पोरी". दोन पायऱ्यांवर हाक बदलायची.

दोघांचं पटायचं, पण एका बाबतीत जुंपायची. सूनबाई गाडीला स्कॅनर लावून आधी आकडे बघायची. अप्पा बोनेट उघडून आधी हात लावायचे. रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपवर पंजा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "ऐंशी." स्कॅनर ब्याऐंशी म्हणायचा. "तुझ्या मशीनला दोन डिग्री ताप आहे," अप्पा म्हणायचे. हे सगळं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, अगदी सुरुवातीच्या वर्षांत. हल्ली हल्ली ते आकडा सांगत नसत, नुसतं "गरम", "थंड" म्हणत. हे तिच्या लक्षात आलं होतं, पण त्यामागे काही असेल असं मनात आलं नव्हतं.

अशात एका सोमवारी बेकरीवाला आपली डिलिव्हरीची गाडी घेऊन आला.

"अप्पा, हिला कोणीतरी समजवा," तो खाली उतरत म्हणाला. "धावते तेव्हा शहाणी. दुकानासमोर पाच मिनिटं उभी केली की वाफा. पाव भट्टीत भाजायचे की बोनेटखाली, एकदा ठरू दे."

"फॅन लागतो का?"

"कुठला लागतोय! मी नाक खुपसून बघितलं. पुतळा झालाय त्याचा."

यात न कळण्यासारखं काही नाही. गाडी धावत असताना वाराच रेडिएटरमधलं पाणी थंड करतो. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि मग ते काम पंख्याने करायचं असतं. पंख्याला स्वतःची अक्कल नसते. इंजिनच्या पाण्यात बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर बुडून बसलेला असतो. पाणी किती तापलं ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो, आणि आकडा पंच्याण्णवच्या पुढे गेला की कॉम्प्युटर पंखा लावतो. या गाडीत स्टिअरिंगसमोरच्या तापमानाच्या काट्यालाही तोच सेन्सर खबर द्यायचा. काटा मध्याच्या बराच खाली, निवांत होता.

अप्पांनी इंजिन चालू ठेवून पाइपवर हात ठेवला. डोळे मिटले.

"थंड," ते म्हणाले. "गरम पाणी इथवर येतच नाहीये. मग फॅन कशाला लागेल? पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकलाय आत. बदलू या."

हात थंड म्हणत होता, काटाही थंड म्हणत होता. दोन साक्षीदार, एकच जबानी. सूनबाई तेव्हा मागच्या खोलीत खारूताईला भरवत होती. थर्मोस्टॅट बदलला, पाणी भरलं, बेकरीवाला गेला.

गुरुवारी तो परत आला, गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून.

"मला वाटतं हिला माझं दुकान आवडत नाही," तो म्हणाला, पण या खेपेला चेहऱ्यावर हसू नव्हतं. सकाळचा सगळा माल उशिरा पोचला होता.

अप्पांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांच्या हातून गेलेली गाडी परत यायची पद्धत नव्हती. त्यांनी पाणी तपासलं, भरलं, हवा काढली, इंजिन चालू केलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काटा पुन्हा मध्याच्या खाली. अप्पांनी पाइप धरला.

"हे बघा, अजून थंडच," ते बेकरीवाल्याला म्हणाले. "डिप्लोमा, तुझं यंत्र लाव गं. आज तुझंही ऐकू."

तिने स्कॅनर लावला. एकोणसत्तर.

"बघ! तेही माझंच म्हणतंय," अप्पा म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जुना तोरा आला. पाइप तसाच धरलेला.

पाइपच्या क्लिपजवळून पाण्याचा थेंब येतोय असं वाटलं म्हणून सूनबाई वाकली आणि अप्पांच्या हाताशेजारी तिने दोन बोटं टेकवली.

चटका असा बसला की तिने हात झटकून बोटं तोंडात घातली. ओरडली नाही ते कसं, ते तिचं तिलाच ठाऊक. समोर अप्पांचा पंजा त्याच पाइपला विळखा घालून होता. शांत. मूल झोपल्यावर पाठीवर हात असतो तसा.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही. क्लिप टोचली." मग जरा घाईने, "अप्पा, ती टॉर्च द्या ना, तुमच्या मागे आहे."

अप्पांनी हात काढला आणि टॉर्च दिली. त्यांच्या तळव्यावर लालभडक पट्टा उमटला होता. त्यांनी तो पाहिलाही नाही.

तिने वाकून सेन्सरच्या वायरीचा कनेक्टर उपटला. पुढच्याच क्षणी पंखा फुल वेगाने घोंघावायला लागला. बेकरीवाला दचकून मागे सरला.

"काय जादू केली ताई?"

"जादू नाही. सेन्सर खोटं बोलत होता." आपला आवाज नेहमीसारखा येतोय याचं तिलाच नवल वाटलं. "तो खोटा आकडा देत राहिला की कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवतो. मी सेन्सर गप्पच केला. काहीच खबर येईना म्हटल्यावर कॉम्प्युटर घाबरतो आणि पंखा पूर्ण सोडतो. पंखा ठीक आहे, वायर ठीक आहे. पाणी शंभरच्या आसपास असेल आणि हा एकोणसत्तर सांगतोय."

"पण पाइप..." अप्पा बोलायला लागले. मग थांबले. पाइपकडे बघितलं, मग सुनेच्या लाल झालेल्या बोटांकडे. आणि कपाटातून नवा सेन्सर काढायला गेले.

नवा सेन्सर बसला. काटा सरसर मध्यावर आला, स्कॅनरवर पंच्याण्णव उमटले, पंखा लागला, नव्वदवर आपला आपण थांबला. बेकरीवाला तेवढ्याने खूश. जाताना गोड बनपावांची पिशवी ठेवून गेला.

सूनबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच फिरत होतं. निळा टब. गीझरचं उकळतं पाणी, बादलीतलं गार, आणि त्यात फिरणारा तो हात. गेल्या आठवड्यात आंघोळीच्या वेळी खारूताईने टाहो फोडला होता. "आज बाईसाहेबांचा मूड नाही," अप्पा म्हणाले होते. टॉवेलातून बाहेर आली तेव्हा पोर उकडलेल्या बिटासारखी लाल, आणि तिने स्वतःच म्हटलं होतं, रडून रडून लाल झाली. रडून!

तिला राग आला, आणि रागाच्या मागोमाग तो तळव्यावरचा लाल पट्टा आठवला. राग टिकेना.

शुक्रवारी ती साडेसहालाच उठली. सातला अप्पा हात धुऊन आले तेव्हा खारूताई पावडर लावून टकामका बघत होती.

"झालीसुद्धा?"

"लवकर उठली होती अप्पा. म्हटलं उरकून टाकू."

शनिवारी "जरा सर्दी वाटतेय, नुसतं पुसून घेतलं." रविवारी नवऱ्यालाच टबाशी बसवला. तो एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने नाकावरचा चष्मा सावरत होता. बाळाचं नाक बुडता बुडता राहिलं. अप्पा दारात टॉवेल घेऊन उभे. तिथेच, जिथे ते तीस वर्षांपूर्वी उभे राहायचे.

नवऱ्याला तिने शनिवारीच सांगितलं होतं. तो ऐकत चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "साखर. नक्की साखर. बोटांच्या नसा जातात. मी रोज पन्नास जणांचं रक्त काढतो आणि घरात..."

"मग काढ ना त्यांचं."

"ते मला हात लावू देतील? गेल्या वर्षी म्हणाले, माझ्यात रक्त नाही, इंजिन ऑइल आहे."

"आधी मी बोलते," ती म्हणाली. "पण कसं बोलू ते कळू दे."

कारण मुद्दा पाण्याचा नव्हता. पाणी तिने विसण घालून ठेवलं असतं तर काम झालं असतं. पण मग अप्पांना कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे त्यांना सांगायचं की तुमचे हात गेले. ज्या हातांवर गॅरेज उभं राहिलं, ते. जे धुऊन धुऊन एकदाचे नातीजोगे झाले, ते. आणि न सांगता नुसतं बाळ लांब ठेवायचं, तर... तेही तिला जमेना. तीन दिवसांत चहा गरम प्यायला मिळाला नव्हता, पण खरं सांगायचं तर चहाची चवच गेली होती.

सोमवारी दुपारी खारूताई झोपली होती. गॅरेजात गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा स्टुलावर बसून जुन्या वायरींचं इन्सुलेशन सोलत होते. सोलता सोलता, मान वर न करता, म्हणाले,

"पोरी, माझ्या हाताला वास येतो का गं?"

गॅरेजात त्यांनी "पोरी" म्हटलं हे तिला आधी ऐकू आलं, प्रश्न मागून.

"वास?"

"ग्रीसचा. सांग की. मला हल्ली नाकाचंही कळत नसेल. तुझी सासू स्पष्ट सांगायची. मी साबण बदलला शनिवारी, लिंबाचा आणला. तरी येतो का?"

सूनबाईने हातातला पाना खाली ठेवला. तीन दिवस जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"नाही हो अप्पा. वास नाही येत. अप्पा, तो पाइप गरम होता. गुरुवारी. भाजत होता. माझी बोटं बघा."

तिने बोटं पुढे केली. दोन फोड वाळत आले होते. अप्पांनी ते बघितले. मग स्वतःचा पंजा उघडला आणि त्यावरचा पट्टा, जो आता तपकिरी झाला होता, असा बघितला जणू दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

"मला वाटलं वेल्डिंगची ठिणगी उडाली असेल," ते हळू म्हणाले.

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"पायाचं दोन वर्षं. चालताना चप्पल निघून पडते, चार पावलं पुढे गेल्यावर लोक सांगतात. हाताचं... या वर्षीचं. हातमोजे घालून शिवावं तसं लागतं सगळं. म्हटलं, म्हातारपण. म्हटलं, कुणाला कळायला नको. काटा बघायचो आणि काट्यासारखं बोलायचो. त्या दिवशी काटाही खोटा निघाला." त्यांनी सोललेली वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग एकदम मान वर केली. "ती रडली होती. गेल्या आठवड्यात. ती पाण्याने रडली होती?"

ती खोटं बोलू शकली असती. ओठांवर आलंही होतं.

"बहुतेक," ती म्हणाली. "भाजलं नाही कुठे. मी सगळीकडे बघितलंय. फक्त लाल झाली होती."

अप्पा उठले आणि गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने त्यांना तसंच राहू दिलं. थोड्या वेळाने भिंतीकडूनच आवाज आला.

"आणि तू तीन दिवस कनेक्टर काढून ठेवलास माझा."

"काय?"

"खबर बंद केली की काय होतं म्हणालीस त्या पाववाल्याला? पंखा फुल. तीन दिवस माझ्या डोक्यात पंखा फुल चालू आहे. मला वाटलं हात घाण. मला वाटलं, पोरीला आता मी नकोसा झालोय घरात. काय काय वाटलं, तुला काय सांगू! गप्प राहू नकोस गं माझ्याशी. शिव्या दे, पण खबर दे."

"चुकलं अप्पा," ती म्हणाली आणि मग तिलाही रडू आलं, आणि नाक पुसायला हाताशी ऑइल पुसायचं फडकं आलं. अप्पा वळून बघतात तर सुनेच्या गालावर कानापर्यंत काळा फराटा.

"अरे देवा," ते म्हणाले. "आता तुला कोण आंघोळ घालणार?"

संध्याकाळी मुलाने रक्त काढलं. अप्पांनी मान दुसरीकडे वळवली आणि "हळू, जुनी वायरिंग आहे" एवढंच म्हणाले. साखर इतकी निघाली की मुलाने रिपोर्ट दोनदा तपासला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, बनपाव बंद केले. बोटांचं काय, असं अप्पांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखर ताब्यात आली तर आणखी बिघडणार नाही. गेलेलं परत येईलच असं सांगता येत नाही. अप्पांनी मान हलवली. बाहेर येऊन सुनेला म्हणाले, "माणूस बरा आहे. गॅरंटी देत नाही."

नवऱ्याने तोवर प्लॅस्टिकचं बदक आणलं होतं, पोटात थर्मामीटर असलेलं. अप्पांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, त्यावरचे इवलेसे आकडे चष्म्याच्या वरून, खालून, मधून बघितले आणि परत दिलं.

"बदकावर माझा विश्वास नाही," ते म्हणाले.

"मग कोपर बुडवा, बाबा. कोपराला कळतं ना अजून?" मुलगा म्हणाला.

"कळतं. पण मी कोपराने काम केलेलं नाही कधी, आणि आता नातीवर शिकायचं नाही."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सूनबाई उठून बघते तर बाथरूममध्ये दिवा चालू. अप्पा स्टुलावर बसलेले, समोर निळा टब, मांडीवर गॅरेजातला वीज मोजायचा पिवळा मल्टिमीटर. मीटरच्या दोन वायरी एका लाकडी पट्टीला बांधलेल्या आणि पट्टीच्या टोकाला, रबरी नळीत घट्ट बसवलेला, चकचकीत पितळी टोकाचा इंजिनचा सेन्सर.

"अप्पा! हे काय?"

"कोरा आहे, खोक्यातला. गाडीत गेलेला नाही. दहा मिनिटं उकळून घेतलाय," ते घाईघाईने म्हणाले, कारण तिच्या चेहऱ्यावर पहिला प्रश्न तोच होता. "हे बघ, सेन्सर म्हणजे काय? पाणी तापलं की याच्यातून वीज सोपी जाते, निवलं की अडते. अडथळा ओहममध्ये. मीटरवर मोठे आकडे, मला चष्म्याशिवाय दिसतात. इंजिनचं पंच्याण्णव कळतं याला, तर बाळाचं सदतीस का नाही कळणार? पण बाळाचा आकडा मला माहीत नाही. पुस्तकात नाही तो. म्हणून तू हवी होतीस. कोपर घाल."

ती टबाशी बसली. झोपेतून उठून आलेली, केस पिंजारलेले. कोपर बुडवलं.

"गार."

"एकोणीसशे," अप्पांनी वाचलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं. गरम पाण्याचा मग ओतला. पट्टीने ढवळलं. "आता?"

"अजून थोडं."

"सोळाशे. आता?"

"जवळ आलं... हं. थांबा. एवढं. असं माझी आई घ्यायची."

"तेराशे," अप्पा म्हणाले आणि आकड्याभोवती दोनदा गोल केला. "आता जास्त कर. मला वाईट आकडापण हवा. कुठे ओरडायचं ते कळलं पाहिजे."

साडेअकराशेला तिने "बाई गं, हे नको" म्हटलं. अप्पांनी तिथे पुठ्ठ्यावर लाल रेघ मारली, जाड, पेन फाटेपर्यंत. मग ते तिथेच थांबले, रेघेकडे बघत.

नवरा जांभई देत दारात आला आणि त्याने मीटरकडे बघितलं. "बाराशे? म्हणजे थंड झालं ना, तेराशेपेक्षा?"

"उलटं!" दोघं एकदम ओरडली.

"कमी आकडा म्हणजे जास्त गरम," अप्पा म्हणाले. "तू लांब राहा बाबा. तू आपलं रक्तच काढ."

खारूताई उठली. तिला उघडी करून आणली तेव्हा मीटर तेराशे दहा दाखवत होता. अप्पांनी हात पुढे केले, बाळाच्या मानेखाली पंजा, पाठीखाली दुसरा. पण पाण्यावर नेऊन थांबले. वाट बघत होते. सूनबाईचा हात आपोआप टबाकडे गेला होता आणि काठावर अडखळला होता: घालू की नको? घातला तर त्यांना वाटेल, अजून विश्वास नाही.

"घाल की," अप्पा म्हणाले. "अडलीस कशाला? सेन्सरसुद्धा फसवतो, ते बघितलं ना आपण? आणि एकमेकांचं ऐकून बोलणारे दोन साक्षीदार ठेवले की काय होतं तेही बघितलं. रोज मीटर मी बघणार आणि कोपर तू घालणार. दोघांचं जुळलं तरच पोर पाण्यात. नाही तर दोघांनी उठून चहा प्यायचा."

तिने कोपर घातलं. ठीक होतं. अगदी ठीक होतं. "हं," ती म्हणाली.

खारूताई पाण्यात बसली, आणि एक क्षण सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू आता तीही आकडा सांगणार. तिने पाण्यावर थापट मारली. अप्पांचा चष्मा भिजला, बाह्या भिजल्या, पुठ्ठ्यावरचे आकडे ओघळायला लागले.

"पुढची चाकं," अप्पांनी सुरू केलं. आवाज जरा चाचरत होता, मग लागला. "आता मागची. जा गं तू, चहा घे जा."

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून, हातात कप घेऊन उभी राहिली. चहा गरम होता. आत सासरा साबणाचं बोट नातीच्या कानामागे फिरवत होता, इतकं हळू की बोटाला काही कळत नाही हे कुणाला खरं वाटलं नसतं. कळत नव्हतं म्हणूनच तो डोळ्यांनी बघून फिरवत होता, एकेक पेर, चष्म्यावरचं पाणी न पुसता. खारूताईने मात्र तेवढ्यात पितळी सेन्सर पट्टीसकट दोन्ही मुठींत पकडला होता आणि तोंडाकडे न्यायला निघाली होती.

"अगं सोड, सोड!" अप्पा ओरडले. "दोन हजार दाखवायला लागलं ते! डिप्लोमा, धावत ये, ही आकडा खातेय!"